पिंपातलं स्वच्छ पाणी

पूर ओसरून तीनेक आठवडे झाले होते. कीटकजन्य आजारांच्या पथकात आरोग्य सेवक म्हणून मी त्या वस्तीत तापाचं सर्वेक्षण करत होतो. गल्लीच्या तोंडालाच लोकांनी अडवलं. "आधी त्या डबक्यावर धूर मारा!"

पुराच्या लोंढ्यात अळ्या बऱ्याचशा वाहून जातात, म्हणून पाणी उतरल्यावर काही दिवस डास कमीच असतात आणि सगळे निर्धास्त होतात. मग साचलेल्या पाण्यात नवी पैदास सुरू होते. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

डबकं काळंशार होतं, दुर्गंधी सुटलेली. त्यात डास होते, खोटं नाही, पण ते क्युलेक्स, रात्री चावणारे. आमच्याकडे रुग्ण निघत होते डेंगीचे. डेंगी पसरवणारी एडिसची मादी दिवसा चावते आणि अंडी घालायला साठवलेलं स्वच्छ पाणी शोधते. म्हणून मी थेट घरात शिरलो.

दाराआड प्लास्टिकचं पिंप होतं, झाकण तडकलेलं. विजेरीचा झोत टाकताच पृष्ठभागाला टेकलेल्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या अंगाला, खसखशीहून बारीक काळे ठिपके चिकटले होते. तीच अंडी. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पाणी वर चढलं की फुटतात.

"मावशी, हे ओतावं लागेल."

"ओतू, आणि पिऊ काय? नळ पुरात तुटलेत. टँकर परत कधी येईल, सांगता?"

त्यांचं बरोबरच होतं. पर्याय न देता 'पाणी ओता' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आम्ही दुहेरी फडक्यातून पाणी दुसऱ्या भांड्यात गाळलं, अळ्या कोरड्या जमिनीवर झटकल्या, पिंप आतून काथ्यानं खसाखसा घासलं आणि तोंडाला कापड घट्ट बांधलं. प्यायचं पाणी मात्र उकळूनच घ्या, असं बजावलं.

घासता घासता आतल्या खाटेकडे लक्ष गेलं. "लेकीचा ताप कालच उतरला, आता बरी आहे," मावशी म्हणाल्या. पण मुलगी पोट धरून पडली होती. सकाळपासून उलट्या, लघवी नाही, हातपाय गार. डेंगीत ताप उतरतो तेव्हाच जिवाला घोर लागतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहायची नसते. उशाशी कुणीतरी अंगदुखीवर दिलेली आयबुप्रोफेनची पट्टी होती. ती पाहून पोटात गोळाच आला. या गोळीनं, तशीच ॲस्पिरिननंही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंगीची शंका असेल तर तापाला पॅरासिटामॉलच घ्यावं, तेही ठरलेल्या मात्रेत.

आमच्याच जीपमधून तिला रुग्णालयात पोचवलं. लगेच सलाईन लागलं आणि ती वाचली.

दुपारी धुरफवारणीही केली. रुग्ण निघालेल्या भागात उडते डास मारायला ती हवीच, पण धुरानं पिंपातल्या अळ्या मरत नाहीत. मग त्या गल्लीतलं घर न् घर पाहिलं, आणि बहुतेक ठिकाणी अळ्या निघाल्या त्या पिण्याच्या पाण्यातच. संध्याकाळच्या अहवालात औषधसाठ्याच्या मागणीच्या वर मी नळदुरुस्तीची मागणी लिहिली आणि कोणत्या गल्लीत पाणी आधी सोडायला हवं, त्याची यादी जोडली.