लॅमिनेशन करू नका

रविवारी जुन्या बाजारात युद्धकाळातल्या एका नर्सनं घरी धाडलेलं पत्र दिसलं. तळहाताएवढं. आणि चक्क लॅमिनेट केलेलं! जीव कळवळला.

तो एअरग्राफ होता, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पत्राऐवजी त्याची फिल्म विमानानं धाडून, पोचल्यावर काढलेली प्रिंट. १९४१ मध्ये ही सोय सुरू झाली. ठरलेल्या फॉर्मवर लिहायचं, सेन्सॉरनं पास केलं की १६ मिलिमीटर फिल्मवर त्याचा फोटो. साधारण १६०० पत्रांची फिल्म जेमतेम दीडशे ग्रॅम! घरी पोचायची ती छोटी प्रिंट. अक्षर बारीक काढलं असेल तर वाचताच यायची नाही. तिच्या हातचा मूळ कागद नंतर नष्ट करत. उरली ती ही प्रिंटच.

लॅमिनेशनचा गोंद गरम होऊन प्रिंटला चिकटतो, पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नकोच, पिवळा डाग पडतो. आम्लरहित कागदाचं पाकीट, कोरडं कपाट, एवढं पुरे.

तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे का असं एखादं?