लाइनवर रोबोट आला, पण त्याला शिकवलं कोणी

सुट्टीत नागपूरला आलो की ज्याच्या घरी जावं त्याचा एकच प्रश्न असतो, तिकडे आता सगळं रोबोटच करून राहिले ना, मग तुम्हा लोकांची नोकरी किती दिवस? महाल भागात मोठे बाबांनी तर दारातच विचारलं, "काऊन रे, मशीन आली म्हणते तुमच्याकडं, तुही नोकरी जाते काय?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो, कारण व्हॉट्सअॅपवर जे व्हिडिओ फिरतात त्यात अर्धीच गोष्ट असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी व्हिएतनामला डोंग नाय प्रांतात असतो, हो ची मिन्ह शहराच्या बाजूला, बिएन होआ भागात. इथे पॉलिटेक्निक करून तामिळनाडूत एका तैवानी बूट कंपनीत लागलो होतो, तिथून त्यांनी तिकडच्या फॅक्टरीत पाठवलं. असेंब्लीचा सुपरवायझर आहे. सध्या टेटची सुट्टी, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, सगळ्या फॅक्टऱ्या बंद असतात आणि कामगार आपापल्या गावी जातात, म्हणून आम्हालाही घरी येता येते.

स्पोर्ट शू बनतो कसा ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. एकीकडे कटिंग आणि स्टिचिंग होऊन वरचा भाग म्हणजे अप्पर शिवून तयार होतो, दुसरीकडे स्टॉकफिटिंगमध्ये रबराचा आउटसोल आणि फोमचा मिडसोल चिकटवून तळ तयार होतो, आणि हे दोन्ही येऊन भेटतात असेंब्लीत. अप्परला खालून स्ट्रोबेल मशीनवर एक पातळ कापडी तळ शिवतात, मग वाफेवर मऊ करून तो फर्म्यावर चढवायचा, फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा प्लास्टिकचा ठोकळा, प्रत्येक साइझचा वेगळा आणि डाव्या-उजव्याचा वेगळा. मशीनने चवडा आणि टाच ओढून बसवतात, हीट सेटिंग होते, मग सोलची कड कुठपर्यंत येणार त्याची बारीक रेघ आखतात. त्या रेघेच्या आत प्रायमर, म्हणजे सिमेंट नीट धरावं म्हणून आधीचा पातळ हात, मग ओव्हन, मग सिमेंटचा हात (आपल्याकडे चपला सांधणारे ज्याला सोल्यूशन म्हणतात तेच काम, फक्त तिकडचं आता बहुतेक पाण्यावर बनलेलं असते), परत ओव्हन, साधारण ५५-६० अंश, आणि गरम असतानाच हाताने सोल लावायचा, प्रेसमध्ये काही सेकंद दाबायचा, चिलरमधून थंड करायचा, मग फर्मा काढायचा. त्यानंतर आतला सॉक (पायाखालची गादी), लेस, तपासणी, मेटल डिटेक्टर, डबा. कापडापासून डब्यापर्यंत एका बुटाला शंभराच्या वर हात लागतात हे मी आधी ऐकलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, पण लाइनवर उभं राहिलं की स्वतःच मोजता येते.

यात सगळ्यात नाजूक काम सोलचंही नाही आणि शिलाईचंही नाही, सिमेंट लावण्याचं आहे. रेघेच्या वर एक-दोन मिलिमीटर गेलं तर पिवळा डाग दिसतो आणि बूट बी ग्रेडमध्ये जातो, रेघेच्या खाली राहिलं तर गॅप पडते आणि महिन्या-दोन महिन्यांत गिऱ्हाइकाच्या पायात सोल सुटतो. पावसाळ्यात तिकडे हवा इतकी दमट असते की तेच सिमेंट तेवढ्याच वेळात वाळत नाही. पायाच्या आतल्या बाजूला जिथे बूट आत वळतो तिथे ब्रश तिरका धरावा लागते, चवड्याच्या टोकाला बूट फिरवावा लागते आणि ब्रश स्थिर ठेवावा लागते. माझ्या लाइनवर एक बाई आहे, मेकाँग नदीच्या खालच्या भागातली, दहा वर्षांच्या वर फक्त ब्रशचं काम केलेली. ती ब्रश उचलला की वजनावरून सांगते की सिमेंट आज घट्ट आहे. लॅबमध्ये २४ तासांनी सोल ओढून बघतात, तो रिपोर्ट यायच्या आधी तिला माहीत असते.

सुपरवायझरचं काम काय तर हेच सगळं सांभाळायचं. सकाळी साडेसातला लाइन सुरू, प्रत्येक तासाला बोर्डावर आकडा लिहायचा, टार्गेट किती, झाले किती, पहिल्याच फेरीत पास किती. कुठल्या स्टेशनवर माल साचून राहिला, कोण आज तापाने फणफणत आलीय आणि सांगत नाहीय, कोणाला कोणाच्या बाजूला बसवलं की दोघींचा स्पीड वाढतो. दुपारी जेवण झालं की तिकडे दिवे बंद करतात आणि लोक पुठ्ठा टाकून लाइनच्या बाजूलाच जमिनीवर झोपतात, अख्खी फॅक्टरी शांत होते, मग बेल झाली की परत सगळं धडधडायला लागते. भाषेचं म्हणाल तर फ्लोअरपुरती व्हिएतनामी येते, वरच्या मॅनेजर लोकांशी इंग्रजी आणि दुभाषी.

आता रोबोट. पहिल्यांदा ही मशीन सोलच्या बाजूला आली, कारण सोल साच्यातून निघतो, एकसारखा असतो, त्यावर स्प्रे मारणं मशीनला सोपं. अप्परचं तसं नाही, जाळीचं कापड फर्म्यावर प्रत्येक वेळी जरा वेगळं बसते. म्हणून अप्परच्या मशीनमध्ये कॅमेरा असतो, तो बूट स्कॅन करतो, कड कुठे आहे ते शोधतो आणि त्याप्रमाणे रोबोटचा हात फिरतो. बसवणारे इंजिनीअर आले तेव्हा त्यांचा प्रोग्राम त्या आतल्या वळणावर नेहमी कमी पडायचा, डेबॉन्डिंग, म्हणजे सोल सुटणं, तिथेच यायचं. कॉम्प्युटरवर खूप खटपट झाली. शेवटी त्या ब्रशवाल्या बाईला बाजूला उभं केलं, तिने हाताने बूट केला, त्यांनी व्हिडिओ काढला, ती म्हणाली इथे हात हळू करा आणि बूट थोडा वाकवा, त्यांनी तोच कोन आणि तोच स्पीड प्रोग्राममध्ये टाकला आणि गॅप गेली.

हे मी स्वतः उभं राहून पाहिलं आणि तेव्हापासून माझं डोकं त्याच एका गोष्टीवर अडकलेलं आहे. मशीन शिकली ती तिच्या हातातून. आणि मशीन चालू झाल्यावर वरून जी यादी आली त्यात तिचं नाव पॅकिंगला होतं, मशीन ऑपरेटर म्हणून बाहेरून नवीन पोरगा येणार होता, कारण त्याच्याकडे टेक्निकल सर्टिफिकेट होतं आणि ती नववीपर्यंत शिकलेली. मी सरळ जाऊन भांडलो. मॅनेजरला म्हटलं की पोराला स्क्रीन समजते पण सिमेंट समजत नाही, हवा बदलली की तो फोन करणार आणि लाइन थांबणार, हिला स्क्रीन शिकवायला दोन आठवडे लागतील, त्याला सिमेंट शिकवायला वर्ष लागेल. बरीच ओढाताण झाली पण ऐकलं त्यांनी. आज ती मशीन चालवते, स्किल अलाउन्स वाढला, नोझल साफ करण्यापासून सेटिंग बदलण्यापर्यंत सगळं करते आणि नवीन मॉडेल आलं की इंजिनीअर आधी तिला विचारतात.

पण सगळ्यांचं असं झालं नाही, ते लपवून उपयोग नाही. त्या स्टेशनवर आधी सहा ब्रशवाल्या होत्या, आता दोघी आहेत. कोणाला काढलं नाही, कंपनी हेच सांगते आणि ते खरंही आहे, पण होते काय की टेटला लोक गावी जातात, त्यातले काही परत येत नाहीत, मूल लहान असते, आई-बाप म्हातारे असतात, आणि आधी त्या जागा लगेच भरायचे, आता भरत नाहीत. असा आकडा हळूहळू कमी होतो आणि कुठेही बातमी होत नाही. पस्तिशीच्या पुढची बाई एकदा बाहेर पडली की तिला दुसऱ्या फॅक्टरीत घ्यायला मागत नाहीत, हे तिथल्या कोणालाही विचारा. पगाराचं सांगायचं तर २०२४ च्या जुलैपासून आमच्या भागात किमान वेतन महिन्याला ४९ लाख ६० हजार डोंग होतं, ऐकायला लाखात वाटते पण आपले सोळा-सतरा हजार रुपये, ओव्हरटाइम धरून घर चालते. ते गेलं तर मागे काही नसते.

बुटाच्या धंद्यात हे पहिल्यांदा घडून राहिलं असंही नाही. वर जे फर्म्यावर अप्पर ओढून बसवण्याचं काम सांगितलं, त्याला लास्टिंग म्हणतात, ते एकेकाळी पूर्ण हाताने व्हायचं आणि ते करणारे कारागीर फॅक्टरीत सगळ्यात भारी समजले जायचे, चांगला माणूस दिवसाला पन्नासेक जोड करायचा. अमेरिकेत लिन नावाच्या गावात सुरीनामहून आलेला यान मॅट्झेलिगर म्हणून एक माणूस होता, दिवसा फॅक्टरीत काम, रात्री मॉडेल बनवणं. त्याने लास्टिंगवाल्यांचे हात बघून बघून मशीन तयार केली, २० मार्च १८८३ ला पेटंट मिळालं. मशीन दिवसाला १५० ते ७०० जोड करायची, बूट स्वस्त झाले, साध्या माणसाच्या पायात आले. तो स्वतः १८८९ मध्ये टीबीने गेला, छत्तीस वर्षांचा असताना. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे, पण ज्यांच्या हाताकडे बघून तो शिकला त्यांचं पुढे काय झालं हा प्रश्नही मला तेवढाच मोठा वाटतो.

दुसऱ्या बाजूने, रोबोट आला की सगळे घरी बसतील हेही मला पटत नाही. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा एक रिपोर्ट आला होता, त्यात व्हिएतनामच्या कापड, कपडे आणि बूट उद्योगातल्या ८६ टक्के पगारी कामगारांची कामं ऑटोमेशनच्या मोठ्या धोक्यात आहेत असं म्हटलं होतं. त्याच सुमाराला आदिदासने जर्मनीत आन्सबाखला आणि मग अमेरिकेत अटलांटाजवळ स्पीडफॅक्टरी उघडल्या, रोबोटवर चालणाऱ्या, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी तेच होतं, की आता काम परत युरोप-अमेरिकेत जाणार. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्या बंद करायचं जाहीर झालं आणि ते तंत्रज्ञान आशियातल्याच सप्लायरकडे न्यायचं ठरलं. एका स्पीडफॅक्टरीचं लक्ष्य वर्षाला पाच लाख जोड, आणि कंपनीचं एकूण उत्पादन वर्षाला चाळीस कोटींच्या आसपास. शिवाय ठरावीक प्रकारचे रनिंग शूजच तिथे नीट व्हायचे. आमच्याकडे एका लाइनवर आठवड्यात मॉडेल बदलते, रंग बदलते, साइझ बदलते, माणूस तासाभरात हात बसवून घेतो. म्हणून बदल येतो तो एकेका स्टेशनने, पूर्ण लाइनने नाही, आणि म्हणूनच कोणत्या स्टेशनवरच्या माणसाला आधी शिकवायचं हे ठरवायला वेळ असतो. वेळ असूनही शिकवत नाहीत, याचा मला राग येतो.

मोठे बाबांना हे सगळं सांगितलं तर ते एकदम एम्प्रेस मिलवर आले. आयुष्य त्यांचं तिथे गेलं, रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या रिंग फ्रेम मशिनींवर. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली मिल, जमशेटजी टाटांनी लँकाशायरवाल्यांचा विश्वास नव्हता तेव्हा तिथे रिंग फ्रेम आणल्या, आणि त्याच मिलमध्ये १८८६ ला कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला. मोठे बाबा म्हणाले, "मशीन आल्यानं मिल नाई बुडाली बाप्पा, शेवटी शेवटी नवी मशीनच येत नव्हती, जुन्यावरच ओढून राहिलो होतो." २००२ ला मिल बंद झाली, आता तिथे मॉल आहे. त्यांच्या ओळखीतल्या किती जणांनी मग रिक्षा चालवली, वॉचमनकी केली, ते त्यांनी नावानिशी सांगितलं. नवी मशीन आणि कामगाराची सोय एकाच वेळी, एकाच मालकाकडून, आपल्या गावात एकदा झालेलं आहे, मग आज ते जमत नाही असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही.

माझ्या स्वतःच्या नोकरीचं विचाराल तर तीही बदलून राहिली. तासाचा आकडा आता बोर्डावर मी लिहीत नाही, सेन्सर मोजतो आणि टॅबवर येतो. कुठे माल साचला ते लाल होऊन दिसते. म्हणजे आकडे मोजणारा सुपरवायझर संपला. पण स्टेशन लाल काऊन झालं हे टॅब सांगत नाही, त्या बाईचं पोरगं दवाखान्यात आहे म्हणून तिचा हात हळू चाललाय हे सेन्सरला कळत नाही. आणि मशीनवर कोणाला बसवायचं, कोणाला कधी शिकवायला घ्यायचं, त्यासाठी वर भांडायचं कोणी, हे काम उलट वाढलं.

पुतण्या इथे सदर भागातल्या पॉलिटेक्निकला आहे, मेकॅनिकलला, तो विचारत होता की या लाइनमध्ये येऊ का. मी त्याला हो म्हटलं. तैवानी बूट कंपन्या तामिळनाडूत कधीच्याच आल्यात, चेय्यारला मोठं काम आहे, पुढे अजून येतील. शिकायला नोएडाची एफडीडीआय, म्हणजे बुटाच्या डिझाइनची सरकारी संस्था, आहेच, तिचा कॅम्पस आपल्या जवळ छिंदवाड्यालाही आहे, नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते, आधी जाऊन बघून ये म्हटलं. चेन्नई आणि आग्र्याच्या सीएफटीआय या बूट-ट्रेनिंगच्या सरकारी संस्थांमध्येही कोर्स असतात. रोबोटिक्स शीक, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) शीक, पण सुरुवातीचे सहा महिने हट्टाने लाइनवर काढ, स्वतःच्या हाताने सिमेंट लाव, फर्मा काढ, ज्यांना तू पुढे मशीन देणार आहेस त्यांच्या बाजूला उभा राहा.

मी पुढच्या आठवड्यात परत जातोय. गेल्या गेल्या अजून दोन लाइनवर सिमेंटिंगच्या मशिनी बसणार आहेत. ऑपरेटर ट्रेनिंगसाठी चार नावं मागितली होती, ती मी सुट्टीवर निघायच्या आधीच लेखी देऊन आलो, चारही ब्रशवाल्याच आहेत आणि चौघींपैकी तिघी पस्तिशीच्या पुढच्या आहेत.