तेरच्या यात्रेत, कुंभारांच्या पंगतीत

चैत्र वद्य त्रयोदशी ही संत गोरोबाकाकांची पुण्यतिथी. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तेव्हा मोठी यात्रा भरते. खरं तर कुंभाराला या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. माठांचा हंगाम ऐन भरात असतो, अक्षय्य तृतीया चार-पाच दिवसांवर आलेली असते, त्या दिवशी पूजेला लागणाऱ्या करा-केळी या मडक्यांसाठी घरोघरून विचारणा होत असते. तरी लोक चाक थांबवून येतात. कशासाठी, ते मला जवळून बघायचं होतं.

धाराशिवहून एसटीनं तेरला उतरलो आणि आधी रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलो. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात 'तगर' म्हणून नोंदलेलं व्यापारी शहर ते हेच तेर. सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आणि भांडी इथं मांडून ठेवलीत. यात्रेला आलेले लातूरकडचे एक आजोबा प्रत्येक भांड्याच्या काठाकडे वाकून बघत होते. "माती चांगली गाळलीय," एवढंच म्हणाले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला मिळालेली ती दाद ऐकून मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी तेरणेकाठी, समाधी मंदिरापाशी कीर्तन रंगलं. विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडवणारे गोरोबा आणि पायाखाली आलेलं त्यांचं तान्हं लेकरू. कथा सगळ्यांना पाठ आहे, तरी बायका डोळ्यांना पदर लावत होत्या.

मला हवं होतं ते मिळालं कीर्तनानंतर, जेवणाच्या पंगती उठल्यावर. कडुनिंबाखाली दहा-बारा माणसं पाय पसरून बसली होती. बहुतेकांची ओळख तिथेच झालेली. संग्रहालयातले आजोबाही होते. तेच म्हणाले, "माझी माय मला झोळीत घालून झाडाला टांगायची, मगच चिखलात उतरायची. ही कथा ऐकली की तिला रात्रभर झोप येत नसे." मग एकेक जण बोलू लागला.

बलुतेदारीत गावाला कुंभाराची घरं असायची एक किंवा दोन. अवकाळी पावसात आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, भिजला तर गाव हळहळतं, पण आव्यातून फुटका माल उपसताना हातांना काय वाटतं, हे सांगायला शेजारी दुसरा कुंभार नसतो. म्हणून यात्रेतली ही बैठक मला कीर्तनाइतकीच मोलाची वाटते. इथं कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

एक मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, "मालक गेले तवा आमच्यात बाईनं चाकाला शिवायचं नव्हतं. थापटणं माझंच होतं, रंग माझा, आवा रचायचा मी. पण चाक नाही. शेवटी लेकरं झोपल्यावर रात्री बसले. पहिलं मडकं वाकडं झालं, ते मोडून पुन्हा मातीत मिसळलं. दिवस उजाडेस्तोवर मोडतच व्हते." कुणी काही बोललं नाही. मग पलीकडची, त्यांच्याहून वयानं मोठी बाई त्यांच्याजवळ सरकली. "अक्का, मीबी रातीच शिकले. सासूला कळलं तर म्हणून चाकाखाली पोतं अंथरायची, आवाज होऊ नये म्हणून." दोघींनी एकमेकींचे तळहात धरून बघितले. अंगठ्याच्या बुडाशी दोघींनाही सारखाच घट्टा होता.

त्यानंतर बोलणं खुलत गेलं. माठाचे टवके का उडतात, असं एका तरुणानं जरा संकोचानंच विचारलं. आजोबांनी सांगितलं की मातीत चुनखडीचे खडे राहिले, तर भाजल्यावर ओल धरून ते फुगतात आणि वरचा पापुद्रा फोडतात. चाळण बारीक घे. आधी दुःखं सांगून झाली नसती, तर हा प्रश्न त्या पोरानं चारचौघांत विचारला नसता, असं मला खात्रीनं वाटतं. कारागिरांसाठी शिबिरं घेणाऱ्यांनी पहिला तास तंत्राला न देता अशा गप्पांना द्यावा.

पहाटे माणसं पांगली ती नंबर घेऊनच. त्या तरुणाच्या गावाजवळच्या तिघांनी यंदा तळ्यातला गाळ मिळून आणायचं ठरवलं. एकट्याला ट्रॅक्टरचं भाडं परवडत नव्हतं. मावशींचंही गाव त्याच रस्त्यावर होतं, त्यामुळे एक खेप त्यांच्या दारात उतरवायचं तिथल्या तिथे पक्कं झालं.