दिवेलागण

गुरुवार, 9 ऑक्टोबर 2025, सोलो (जावा, इंडोनेशिया)
रात्रीचे सव्वाअकरा

इबूंनी, म्हणजे माझ्या घरमालकिणीनं, वही मिटली. झालं ते एवढंच. पण संध्याकाळपासून मी त्या मिटलेल्या वहीभोवती घिरट्या घालतोय, आणि उद्या सकाळची शिफ्ट आहे.

सुरुवात मी केलेली नाही. पासपोर्टची नवी झेरॉक्स हवी म्हणून इबू पाचच्या सुमारास वर आल्या. कागद हातात घेतला, जन्मतारखेवर नजर गेली, मग मोबाइलमध्ये काहीतरी दाबलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. इथल्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात आणखी एक वार असतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. कालनिर्णयात तिथी असते तसा. मी दोन वर्षं त्या कॅलेंडरावर पाण्याच्या बाटल्यांचा हिशेब लिहितोय, पण वरचं वाचलं नव्हतं.

"मास, आज तुमचा वेतोन आहे."

मास म्हणजे दादा. वेतोन म्हटल्यावर मला वाटलं, काहीतरी भरायचं राहिलंय.

मग त्यांनी समजावलं. वेतोन म्हणजे जन्माच्या दिवशीची वारांची जोडी. सात दिवसांचा आठवडा आणि पाच दिवसांचा बाजाराचा फेरा एकमेकांत गुंफून चालतात. सात पाचे पस्तीस. मी जन्मलो तेव्हा गुरुवार वागे होता, 17 मे 1984. आजही गुरुवार वागे. पस्तीस दिवसांच्या एका फेऱ्याला सलापान म्हणतात, बाळ पस्तीस दिवसांचं झालं की घरात जेवण घालतात. त्या गेल्यावर मी हिशेब केला. 15,120 दिवस, बरोबर 432 फेरे. एकदाही चुकला नाही, आणि एकदाही मला कळला नाही.

इबूंनी खालून वही आणली. सासऱ्यांच्या हातची, निळ्या शाईची, मधली पानं सुटलेली. गुरुवारचे 8, वागेचे 4, बेरीज 12. या बेरजेला नेप्तू म्हणतात. कमीत कमी 7, जास्तीत जास्त 18. बाराला 'आरास केंबांग' म्हणजे फुलाची जात. अशा माणसाकडं लोक आपणहून येतात, त्यानं चार माणसांत बसायचं काम करावं, विकावं, बोलावं. इबू खूश दिसत होत्या. मी हसलो. सूतगिरणीतल्या रिंगफ्रेमच्या आवाजात सतरा वर्षं काढलेला माणूस, घरात टीव्हीसुद्धा मोठ्यानं लावतो म्हणून बारकी चिडायची. आणि फूल!

पण हसता हसता मी टेबलावरचा एचआरचा कागद पुढं सरकवला. तो का सरकवला, हेच मला अजून कळत नाहीये. दोन चौकोन आहेत. एक सुराबायाचं सेल्स ऑफिस, दुसरा नव्या ऑपरेटरांचं ट्रेनिंग. तिसरा चौकोन कागदावर नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. मंगळवारपर्यंत टिक करायची. मी इबूंना विचारलं, हसत, अगदी सहज विचारल्यासारखं, की फुलानं कुठं टिक करावी.

त्यांनी कागद वाचला नाही. पेन्सिल कानावरून काढली आणि विचारलं, "जन्म मगरिबच्या आधीचा की नंतरचा?"

खालच्या मशिदीचा भोंगा खरखरायला लागला होता.

मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज, आणि जावात दिवस सूर्यास्ताला बदलतो. आपल्याकडं वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून माझ्या पत्रिकेत गुरुवारच आहे आणि कुणाला शंका आली नाही. इथं मात्र सूर्य बुडाला की शुक्रवार लागला. मी म्हटलं, मगरिबच्या सुमारास. दाखल्यावर 6 वाजून 55 मिनिटं आहे. इचलकरंजीत मेच्या मध्याला सूर्य मावळतो तोही सातला पाच मिनिटं कमी असताना, हे मी नंतर मोबाइलवर पाहिलं. म्हणजे अगदी उंबऱ्यावर.

त्यांनी बारावर रेघ मारली. शुक्रवारचे 6, क्लिवोनचे 8. चौदा. पान उलटलं, ओठ हलले, "रेंबुलान" एवढं ऐकू आलं, म्हणजे चंद्र. मग माझ्याकडं पाहिलं. मग वही मिटली.

"नांती साजा, मास." नंतर बघू. आणि जिना उतरून गेल्या.

शुक्रवार क्लिवोन इथं काय असतं हे माझ्यासारख्या परक्यालाही माहीत आहे. आदली रात्र तर जास्तच. रात्रपाळीच्या बायका त्या रात्री एकेकट्या बाथरूमला जात नाहीत. एकदा सकाळी आमच्या डिपार्टमेंटच्या कोपऱ्यात, जुन्या कार्डिंग मशीनच्या पायाशी, केळीच्या पानावर मोगऱ्याच्या कळ्या ठेवलेल्या पाहिल्या होत्या. मी लाथ लागू नये म्हणून वळसा घालून गेलो, कुणाला विचारलं नाही. आणि आजची रात्र तीच आहे. सूर्य मावळल्यापासून शुक्रवार क्लिवोन लागलाय. अंगणातला कुत्रासुद्धा आज भुंकत नाहीये. (तो एरवीही भुंकत नाही, हे खरं.)

तर इबूंनी काय वाचलं? वाईट होतं म्हणून मिटली, की चांगलं होतं पण मला झेपणारं नाही म्हणून? इथली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. आमचा मॅनेजर दोन महिने 'या, या', म्हणजे हो, हो, म्हणत होता, आणि नंतर तो कागद आला. जावात 'नंतर बघू' हे कधी कधी अख्खं उत्तर असतं. मग ते उत्तर होतं का?

मी स्वतःच हिशेबाला बसलो. पाचनं भागायचं आणि बाकी मोजायची: श्री, लुंगगुह, गेढोंग, लारा, पाती. श्री म्हणजे आपलीच श्री. लुंगगुह म्हणजे आसन, मान. गेढोंग म्हणजे भरलेलं घर. लारा म्हणजे दुखणं. पाती म्हणजे जे नाव घ्यायचं नाही ते. बाराला पाचनं भागून बाकी 2, आसन. चौदाला भागून बाकी 4, दुखणं. हा हिशेब लग्नाला, घराला, कामाच्या मुहूर्ताला लावतात, नुसत्या एका माणसाला नाही, हे ठाऊक असून लावला. दोनदा लावला. दुसऱ्यांदाही चारच आले.

एकेचाळीस वर्षांचा माणूस, टेक्स्टाइलचा डिप्लोमा, बाकी काढतोय आणि पोटात खड्डा पडतोय. एरवी सुताचा काउंट काढताना अर्धा ग्रॅम चुकला तर पोरांना झापतो.

हे मला नवं नाही, त्याचंच वाईट वाटतंय. बारावीनंतर अण्णांनी पत्रिका काकांकडं नेली होती. काका म्हणाले, शनी बलवान, लोखंड आणि यंत्र. अण्णांनी घरी येईपर्यंत फॉर्म भरलेला होता. मला तेव्हा काय हवं होतं ते आता आठवतही नाही, आठवलं तरी इथं लिहिणार नाही. तेव्हाही दुसऱ्याच कुणीतरी वही उघडली होती. फरक इतकाच की काकांनी मिटली नाही, मोठ्यानं वाचली.

पण आज मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर पेन्सिल चालत असताना मला आत कुठंतरी बरं वाटत होतं, दाढी करून घ्यायला खुर्चीत मान मागं टाकल्यावर वाटतं तसं. आणि वही मिटल्यावर साबण तसाच गालावर राहिला.

दहाला आईला फोन लावला. तिकडं साडेआठ, मालिका चालू.

"आई, मी झालो तेव्हा दिवेलागण झाली होती का?"

"हजारदा सांगितलंय की. दिवेलागणीलाच झालास."

"म्हणजे दिवा लावायच्या आधी, की नंतर?"

तिनं मालिकेचा आवाज कमी केला. ही फार मोठी गोष्ट आहे.

"अरे, दिवा लावणारी आज्जी माझ्या उशाशी. अण्णा बाहेर विड्या ओढत. घरात होतं कोण दिवा लावायला? त्या दिवशी आपल्याकडं दिवा लागलाच नाही."

"आणि दवाखान्यात?"

"लाइट गेलेली. कंदील आणला कुणीतरी. पण तो तू झाल्यावर, का आधी... थांब. नर्स म्हणाली होती, जरा उजेड दाखवा, मुलगा की मुलगी बघू दे. म्हणजे झाल्यावर. पण अंधार म्हणून उजेड मागितला की खोलीच अंधारी होती, ते काय सांगू बाबा मी. जेवलास का?"

जेवलो म्हणालो.

"नोकरीचं काही बिनसलंय का?"

नाही म्हणालो. मग तिनं प्राजक्ताचा विषय काढला, दिवाळीच्या तिकिटाचा, आणि मी रेंज जातेय म्हणालो. ते नंतर.

फोन ठेवल्यावर आणखी एक गोची लक्षात आली. इचलकरंजीत 6 वाजून 55 मिनिटं झाली तेव्हा इथं सोलोत रात्रीचे 8 वाजून 25 झाले होते. इथं ऑक्टोबरात साडेपाचलाच मगरिब होते, मेमध्येही काही फार उशीर नसतो. म्हणजे जावाच्या सूर्याप्रमाणं मी निर्विवाद क्लिवोनचा आणि इचलकरंजीच्या सूर्याप्रमाणं बहुतेक वागेचा. मोजणी जावाची, तर सूर्य कुणाचा धरायचा? सतरा वर्षं परमुलखात काढलेल्या माणसाला हा प्रश्न व्हिसा ऑफिसनंसुद्धा विचारला नव्हता.

इथं मला पहिल्यांदा हसू आलं. एकटाच हसलो, क्लिवोनच्या रात्री, म्हणजे शेजारच्या खोलीतला पोरगा नक्की उठला असणार.

मग बराच वेळ मी भलतंच वाचत बसलो. सुलतान अगुंगनं 1633 मध्ये इथली शक कालगणना हिजरीच्या चांद्र महिन्यांना जोडली, पण शकाचा आकडा मोडला नाही, 1555 वरून तसाच पुढं चालवला. म्हणजे आपलाच शालिवाहन शक! आपला आता 1947 चालू आहे आणि त्यांचा 1959. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी आखूड, म्हणून पावणेचारशे-चारशे वर्षांत ते आपल्यापुढं बारा वर्षं निघून गेले. गुरुवारचं जुनं नाव रेस्पाती, बृहस्पतीचं पुढचं अक्षर गळलेलं. मंगळवार अंगारा. मंगळवारी क्लिवोन आला की त्याला अंगारा कासिह म्हणतात, आईच्या अंगारकीसारखा तोही वेगळा दिवस. आईला हे सांगितलं तर ती म्हणेल, मग तिथं उपासाला काय मिळतं.

हे सगळं वाचून चौकोनाचं काही झालं नाही. फूल म्हटलं तर सुराबाया, चंद्र म्हटलं तर ट्रेनिंग. चंद्र म्हणजे शांत करणारा, समजावणारा, मोबाइलवर सगळीकडं हेच लिहिलंय. हे जोडकाम माझं आहे, इबूंचं नाही. त्यांनी कागद वाचलाच नव्हता. आणि स्पिंडल तर दोन्हींत नाही. फुलातही नाही, चंद्रातही नाही. ते एक वाचून मला वाईट वाटायला हवं होतं.

तरी वही का मिटली?

शुक्रवार, सकाळी साडेपाच

थोडं लिहून पळतो.

इबू अंगण झाडत होत्या. मी बूट घालता घालता विचारलंच, काल काय आलं होतं. त्या खराटा धरून माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, अजान झाली होती ना मास, नमाज चुकली असती.

अजान. भोंगा मी स्वतः ऐकला होता, वर लिहिलासुद्धा आहे. त्यांचं म्हणणं खरं असेल. किंवा विचारल्यावर त्यांना सुचलेलं सगळ्यात सभ्य उत्तर असेल. सोलोच्या बाईकडून मला याहून जास्त काढता येणार नाही.

त्यांनी वही आतून आणून माझ्यासमोर धरली, बघा म्हणाल्या. त्याच पानावर वरच्या बाजूला सप्टेंबरची वीज, चार नंबरच्या खोलीचं थकलेलं भाडं, आणि त्याखाली माझं नाव. बारा, त्याच्यावर रेघ. चौदा, त्याच्यावर रेघ नाही. पुढं प्रश्नचिन्ह. आणि शेजारी पाण्याच्या तीन बाटल्या, बाकी.

तीन नाही, दोन आहेत. माझ्या कॅलेंडरावर लिहिलेलं आहे. संध्याकाळी दाखवतो.