हुकमी झोप

कामाच्या वेळेत डुलकी लागली तर बहुतेक ठिकाणी बोलणी खावी लागतात. लांब पल्ल्याची विमानं चालवणाऱ्यांचं उलटं आहे. ठरल्या वेळी झोपायला गेलं नाही, तर ती कामात कसूर.

बारा-चौदा तासांच्या उड्डाणाला दोन वैमानिक पुरत नाहीत. तिघं लागतात, कधी चौघं. अमेरिकेत २०१४ पासून लागू असलेल्या नियमांत तिघांना १३ तास आणि चौघांना १७ तास उड्डाण, अशी हद्द आखलेली आहे. विमान उंचीवर स्थिरावलं की पाळ्या लागतात आणि ज्यांची सुट्टी ते झोपायला जातात. बोइंग ७७७ किंवा ७८७ मध्ये ही झोपायची जागा बहुधा प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या पोकळीत असते. अरुंद जिना, धड उभंही राहता येणार नाही असं ठेंगणं छप्पर, बंक, पडदा आणि अंगावरून बांधायचा पट्टा. खाली आपण मान वाकडी करून खुर्चीत झोप शोधत असतो आणि वर कुणीतरी पगारी झोप काढत असतं! मला याचा हेवा वाटायचा. नियम वाचल्यावर तो बराच ओसरला.

झोपेचं इतकं कोरडं आणि इतकं काटेकोर वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. वैमानिकांच्या झोपायच्या जागांचे तीन वर्ग. पहिल्या वर्गाची जागा म्हणजे सपाट आडवं होता येईल अशी, कॉकपिट आणि केबिनपासून वेगळी, तापमान नियंत्रित आणि उजेड आपल्याला कमीजास्त करता येईल अशी. तिसऱ्या वर्गात नुसती खुर्ची, पण ती निदान ४० अंश मागे कलली पाहिजे आणि पायांना आधार हवा. ज्याच्या हातून विमान उतरणार, त्याच्यासाठी ड्यूटीच्या उत्तरार्धात सलग दोन तास विश्रांतीला राखलेले हवेत. सगळं ठीक. नियम गादी देईल, दिवा मालवेल. डोळा लागेलच याची हमी कुठल्या कलमात घालणार?

शिवाय शरीराचं घड्याळ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात माणूस सगळ्यात मंद असतो, मग त्याच्या खिडकीबाहेर लख्ख दुपार का असेना. टाइम झोन ओलांडल्यावर हे घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकतं. पूर्वेकडे जाताना त्याहून कुरकुरत. लेओव्हर, म्हणजे परतीच्या उड्डाणाआधीचा मुक्काम, मात्र एखाद-दोन दिवसांचा. म्हणून अनेक जण तिथल्या वेळेशी जुळवून घ्यायच्या भानगडीतच पडत नाहीत. कागदोपत्री वेळ यूटीसीची, म्हणजे जगभर एकच धरलेली, हॉटेलात स्थानिक, पोटात घरची. भर दुपारी अंधार करायचा, पडद्यांच्या फटीला कपड्यांच्या हँगरचा चिमटा लावायचा आणि झोपायचं, कारण रात्री उडायचंय.

आणि हे निदान आधी माहीत असतं तेव्हाचं. रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, महिन्याचं लागतं. त्याआधी कुठली उड्डाणं हवीत, कुठले दिवस सुट्टी हवी, यासाठी बिडिंग. पुष्कळ कंपन्यांत त्यात सीनियॉरिटी चालते, म्हणजे कोण आधी रुजू झालं एवढाच प्रश्न. सणासुदीचे दिवस वरच्यांना, उरलेलं खालच्यांना. पण खरी गंमत स्टँडबायची, म्हणजे बोलावलं तर जायच्या तयारीत बसण्याची. फोन येईल किंवा येणार नाही. आला तर रात्रभर जागायचं, म्हणून दुपारी झोपून घ्यावं; आला नाही तर दुपारी झोपल्यामुळे रात्रभर जागायचं. या कोड्याला उत्तर नाही, आणि असलं तरी उशाशी फोन ठेवून ते सुचणं कठीण.

कॉकपिटमधल्या खुर्चीतल्या डुलकीचंही शास्त्र झालेलं आहे. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना प्रत्यक्ष उड्डाणात, समुद्रावरून जाताना, ४० मिनिटांची सवड देऊन पाहिली. त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले. तो अहवाल १९९४ चा. अनेक देशांत अशी डुलकी अटींसह चालते: शेजारचा जागा हवा, आणि उठल्यावर लगेच सूत्रं हाती घ्यायची नाहीत, कारण झोपेची गुंगी उतरायला वेळ लागतो. ज्यांनी प्रयोग केला त्या अमेरिकेत मात्र तिला परवानगी नाही. सरकारी खात्यांचं आपसांत बोलणं होतं की नाही, असा मला अधूनमधून प्रश्न पडतो.

इतकी व्यवस्था करून विमान उतरवणारे हात शेवटी एकाचेच. चौघं जण, सोळा तास आणि लँडिंग एक. दुसरीकडे नियम असा की ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नसतील, तर प्रवासी घेऊन विमान चालवता येत नाही. मग अर्धी पृथ्वी पुन्हापुन्हा पालथी घातलेला माणूस लँडिंगची थकबाकी फेडायला सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, जाऊन बसतो. तो सिम्युलेटर महागडा, म्हणून रात्रंदिवस चालू ठेवलेला. आणि तारीख मिळते ती कित्येकदा मध्यरात्रीनंतरची.