बाई, हा तर वाख!

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातली गोष्ट. नववीला वनस्पतींच्या ऊती, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींचे समूह, शिकवत होते. शाळेत सूक्ष्मदर्शक दोन, त्यातल्या एकाचा आरसा कधीचाच फुटलेला. सूर्यफुलाचं खोड आणायला सांगितलं होतं. आला भोपळ्याचा वेल, आणि एका मुलीने बांधावरची अंबाडी आणली, सुतळीने बांधून.

भोपळ्याने फार छळलं नाही. ब्लेडने पातळ चकती कापली, सॅफ्रॅनिन या लाल रंगाच्या थेंबात ठेवली, धुऊन काचपट्टीवर घेतली. (बोटं लाल होतात ती दोन दिवस तशीच. घरी आता कुणी विचारतही नाही.) कंगोऱ्यांखाली स्थूलकोन ऊती दिसली. पेशी जिवंत, भिंती कोपऱ्यांत तेवढ्या जाड. म्हणून वेलाचा शेंडा वाऱ्याने वाकतो, पण मोडत नाही.

अंबाडीच्या तीन चकत्या जाड निघाल्या, चौथी जमली. मधलं काष्ठ लाल, आणि त्याबाहेर सालीत लाल ठिपक्यांचे थरावर थर. "ही दृढ ऊती," मी सुरू केलं, "पेशी मेलेल्या, भिंतींत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा पदार्थ, साचलेलं..."

"बाई, हा तर वाख!" अंबाडी आणणारी ती मुलगी भिंगावरचा डोळा न काढता म्हणाली.

बारा वर्षं मी इथे दृढ ऊतीसाठी नारळाच्या शेंडीचं उदाहरण देत आले. आमच्या मराठवाड्यात नारळ देवापुढे फुटतो, तेवढाच!

मग तीच सांगू लागली. आजोबा अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात बुडवतात, वर दगड ठेवतात. दोनेक आठवड्यांनी नाक धरावं असा वास सुटतो. साल सोलून, आपटून धुतली की वाख उरतो. त्याचं चऱ्हाट वळतात.

"पण बाकीचं सडतं, मग हे का नाही सडत?"

पाण्यातले जिवाणू पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन खातात. मऊ पेशी सुटून जातात, जाड भिंतींचे तंतू मागे राहतात. पण जास्त दिवस ठेवलं तर तेही कुजतात, असं मी म्हटलं.

"हो, म्हणून तर आजोबा रोज एक काडी काढून बघतात."

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकाने जुडीची सुतळी सोडली. "बाई, ही पण बघू?" सुतळी तागाची, म्हणजे तोही सालीतलाच तंतू. एक धागा सुईने पिंजून सॅफ्रॅनिनमध्ये टाकला. तास संपल्याची घंटा झाली, तरी एका सूक्ष्मदर्शकापुढची रांग हलेना.