आमच्या यूपीएसला एसएनएमपी शिकवताना

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीत दोन-तीन केव्हीएचे यूपीएस बनतात. मागे एका सहकारी बँकेच्या निविदेत अट आली: प्रत्येक शाखेतला यूपीएस मुख्य कार्यालयातून दिसला पाहिजे, तोही एसएनएमपीच्या (नेटवर्कवरून उपकरणांवर देखरेख ठेवायची सामाईक भाषा) तिसऱ्या आवृत्तीवर आणि आरएफसी १६२८ या यूपीएससाठीच्या दस्तऐवजाप्रमाणे. फर्मवेअर, म्हणजे यूपीएसच्या आतलं सॉफ्टवेअर, माझ्याकडे, म्हणून हे कामही माझ्याकडे आलं. आपल्याकडच्या छोट्या उत्पादकांपैकी कुणाला यातून जायचं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

तोवर आमचा यूपीएस सिरियल केबलवरून आमच्याच सॉफ्टवेअरशी बोलायचा. बाकीच्या कंपन्यांचंही तसंच. तीन कंपन्यांचे यूपीएस असले की बँकेच्या माणसाला तीन खिडक्या उघड्या ठेवाव्या लागायच्या, आणि लाइट गेल्यावर कुठली बघायची हा प्रश्न.

एसएनएमपी १९८८ पासूनचा. देखरेख करणारं सॉफ्टवेअर विचारतं, उपकरण उत्तर देतं. प्रत्येक माहितीला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला ओआयडी म्हणतात. कुठल्या पत्त्यावर काय मिळेल आणि त्याचा अर्थ काय, याची यादी म्हणजे एमआयबी. यूपीएससाठीची सामाईक यादी इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने मे १९९४ मध्ये आरएफसी १६२८ म्हणून काढली. तिचे संपादक जेफ्री केस हे मूळ एसएनएमपीच्या लेखकांपैकीही एक.

ही यादी मी ओळ न् ओळ वाचली, आणि वाचता वाचता तिच्याबद्दलचा आदर वाढत गेला. एसएनएमपीत दशांश चिन्ह नाही, म्हणून बॅटरीचं व्होल्टेज दशांश व्होल्टमध्ये द्यायचं. ९६.४ व्होल्ट असेल तर ९६४ पाठवा. फ्रिक्वेन्सीचं तसंच, ५० हर्ट्झला ५००. इनपुट व्होल्टेज मात्र पूर्ण व्होल्टमध्ये. बॅटरी किती वेळ टिकेल ते मिनिटांत, पण बॅटरीवर येऊन किती वेळ झाला ते सेकंदांत. सगळ्या यूपीएसवाल्यांनी हे असंच पाळलं तरच मुख्य कार्यालयातल्या पडद्यावरच्या आकड्याला अर्थ राहतो. यूपीएस बॅटरीवर गेला की ट्रॅप, म्हणजे न विचारता पाठवलेला निरोप, जातो आणि तो बॅटरीवर आहे तोवर दर मिनिटाला पुन्हा जातो. हे निरोप यूडीपीवरून जातात, पोचपावती नसते. त्यामुळे एखादा हरवला तरी पुढचा येतोच. शिवाय यादी किती पाळायची याच्या तीन पायऱ्या आहेत. साध्या यूपीएसला सगळं द्यावं लागत नाही. आम्ही मधली धरली.

यादीत नसलेल्या गोष्टींचे ओआयडी मांडायला कंपनीचा स्वतःचा क्रमांक लागतो. तो आयाना ही इंटरनेटचे क्रमांक वाटणारी संस्था देते, फुकट. कंपनीचं नाव, संपर्काची व्यक्ती आणि ईमेल एवढंच लागतं. हे सगळं सार्वजनिक नोंदवहीत छापलं जातं, म्हणून कंपनीचा कायमचा ईमेल द्या. त्या क्रमांकाखाली सगळंच आपल्या मनासारखं मांडायचा मोह होतो. आमच्याकडेही विक्रीवाल्यांचा तो आग्रह होता. मी विरोध केला. जे सामाईक यादीत आहे ते तिथेच द्यायचं. आमच्या खाजगी एमआयबीत फक्त बॅटरी बदलल्याची तारीख आणि पंख्यांची स्थिती एवढंच ठेवलं.

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या आवृत्तीने घेतला. पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच जातो, त्यामुळे बँकेची अट योग्यच होती. डिसेंबर २००२ मध्ये पक्क्या झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाला इंजिन आयडी (त्याची वेगळी ओळख) असतो. आम्ही तो आयानाने दिलेला क्रमांक आणि यूपीएसमधल्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) मिळून बनवला. पासवर्डपासून बनणाऱ्या किल्लीत हा आयडी मिसळतो, त्यामुळे शंभर शाखांना एकच पासवर्ड असला तरी प्रत्येक कार्डाची किल्ली वेगळी. एका शाखेतलं कार्ड चोरीला गेलं तरी त्यातल्या किल्लीने दुसरं उघडत नाही. जुने संदेश पुन्हा पाठवून कुणी फसवू नये म्हणून वेळही तपासली जाते, १५० सेकंदांची मुभा. त्यासाठी कार्ड किती वेळा चालू झालं याची मोजणी कायमस्वरूपी जपावी लागते. ती मागे गेली तर देखरेखीचं सॉफ्टवेअर कार्डाची उत्तरं नाकारतं. यूपीएसचं कार्ड नेमकं वीज पूर्ण संपल्यावर बंद पडतं, तेव्हा ही मोजणी चालू होतानाच फ्लॅश मेमरीत लिहायची, बंद होताना नाही. फ्लॅशच्या एकाच जागी लिहून ती झिजू नये म्हणून जागा फिरवत ठेवल्या.

बँकेत जाण्याआधी 'नेटवर्क यूपीएस टूल्स' या मुक्त सॉफ्टवेअरवर तपासणी केली. त्यात आयईटीएफची यादी निवडली आणि चार्ज, व्होल्टेज, उरलेली मिनिटं सगळं वाचता आलं. ते लिहिणाऱ्यांनी आमच्या कंपनीचं नावही ऐकलेलं नसणार. खूप आनंद झाला. मग बँकेत त्यांच्या नेटवर्कवाल्या साहेबांनी मेन स्विच पाडला. ट्रॅप आला, मिनिटाने दुसरा आला. "मॅडम, सॉफ्टवेअरची सीडी?" "लागत नाही सर, तुमच्याकडे आहे त्यातच दिसतंय."

एक गोष्ट आम्ही मुद्दाम बंद ठेवतो. या यादीत दुरून यूपीएस बंद करण्याचीही सोय आहे, सेकंदांचा आकडा लिहिला की तेवढ्या वेळाने आउटपुट जातं. शाखेतला सर्व्हर त्यावर चालतो. म्हणून कार्ड कारखान्यातून फक्त वाचण्यापुरतंच निघतं, आणि लिहिण्याचा अधिकार ग्राहकाने लेखी मागितला तरच देतो.